ॲपमध्ये सगळं बरोबर, मग बोलताना का चुकतं?

"मॅडम, सत्त्याण्णव टक्के आहेत याला," असं म्हणत आईने टॅब माझ्यापुढे सरकवला. वर हिरवी पट्टी, कोपऱ्यात तीन तारे, खाली सलग ११२ दिवसांची साखळी. मराठी व्याकरणाचं ॲप, वर्षाचे पैसे एकदम भरलेले. "आणि हा अजूनही 'मीने केळा खाल्ला' म्हणतो. मग एवढं करून मिळवलं काय?"

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. त्याला आपण बंडू म्हणू. आई लग्न होऊन नाशिकहून इंदूरला आलेली, बाबा आणि आजी पक्के इंदुरी. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी आणि मधल्या सुट्टीत पुन्हा हिंदी. इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या खोलीवर मुलांच्या भाषेसाठी येणाऱ्या निम्म्या मराठी घरांची मांडणी अशीच असते आणि तक्रारही जवळपास तीच: 'पोराची एकही भाषा धड नाही.'

पण ॲप आणायचं कारण वेगळं होतं आणि ते आईने बऱ्याच उशिरा, बंडूला बाहेर आजीपाशी पाठवून सांगितलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मंडळी पुण्याला गेली होती. तिथे बंडू जेवताना 'मीने' म्हणाला आणि मावसभावंडांनी त्याचं नावच 'मीने' पाडलं. 'ए मीने, इकडे ये.' चार दिवसांनी बंडूने मराठी बोलणं बंद केलं. घरी आल्यावर आजीलाही उत्तरं हिंदीत. आई घाबरली आणि तिने ॲप घेतलं. म्हणजे दुखणं होतं लाजेचं आणि औषध आणलं व्याकरणाचं. आईला मी दोष देत नाही. मोबाईलमध्ये औषध पटकन सापडतं, एवढंच.

मी बंडूला शेजारी बसवलं आणि म्हटलं, मला खेळून दाखव. तो भराभर सुटला. 'लिंग ओळखा: आवाज.' खाली तीन चौकोन. दोन सेकंदांत पुल्लिंगी. बरोबर, टिंग. 'पुस्तक.' नपुंसकलिंगी. टिंग. त्याचे डोळे शब्दावर जेमतेम टेकत होते, नजर सगळी चौकोनाचा रंग बदलतो का याकडे. मी विचारलं, हे तुला कसं कळतं? तो म्हणाला, "टिंब असलं तर नपुंसक. 'ई' असली तर जास्त करून स्त्रीलिंगी. बाकीचे याद झाले, तेच-तेच येतात ना."

हे ऐकून मला बरंच वाटलं. केळं, मडकं, खोबरं: टिंबाचा नियम पोराने स्वतः काढला होता. तेवढ्यात खाली रस्त्यावर काहीतरी धाडकन पडलं. बंडू खिडकीकडे धावला. "मॅडम, केवढी मोठी आवाज आली!"

अर्ध्या मिनिटापूर्वी ज्या शब्दाला त्याने पुल्लिंगी म्हणून टिंग मिळवली होती, तोच शब्द. चौकोनावर बोट ठेवताना बरोबर आणि तोंडातून वाक्य निघताना हिंदीतला. हिंदीत आवाज येते, मराठीत येतो. शब्दाचं लिंग सांगता येणं आणि बोलण्याच्या ओघात विशेषण-क्रियापद त्या लिंगाला जुळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. ॲप पहिल्याचीच परीक्षा घेत होतं आणि पुण्यातली फजिती झाली होती ती बोलण्याच्या ओघात.

आता 'एकही भाषा धड नाही' हे खरं आहे का, ते आधी तपासायला हवं होतं, कारण इथे गफलत महागात पडते. मी बंडूला म्हटलं, शाळेत कालपरवा कुणाचं भांडण झालं असेल तर सांग, हिंदीत सांग. दहा मिनिटं तो थांबला नाही. कोणी कोणाची बॅट लपवली, मग सर आले, सरांनी भलत्यालाच उभं केलं, 'अपन तो कुछ बोले ही नहीं'. क्रम नीट, वाक्यं पूर्ण, मध्ये नकलासुद्धा. ज्या मुलाला भाषेचीच मूळ अडचण असते त्याला ती सगळ्या भाषांत असते. तो सर्वांत जास्त ऐकतो त्या भाषेतही वाक्य जुळत नाही, गोष्टीचा धागा सुटतो. तसं दिसलं तर मी ॲपची चर्चा करत बसत नाही. आधी कानांची तपासणी आणि वाचा-भाषा तज्ज्ञ. घरात दोन-तीन भाषा असल्यामुळे असा दोष निर्माण होत नाही, हेही सांगते, कारण 'मग घरात फक्त इंग्रजीच बोलू का?' हा प्रश्न ठरलेला असतो. नका बोलू. आजीचं मराठी बंद करून पोराचं इंग्रजी सुधारत नाही.

मग मी एक जुना खेळ काढला. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने १९५८मध्ये लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला 'वग' असं बनावट नाव दिलं आणि दोन असले तर काय म्हणाल, असं विचारलं. कधीच न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक मुलांनी बरोबर केलं, म्हणजे ती नुसते शब्द पाठ करत नव्हती, नियम त्यांच्या आत होता. मी कागदावर एक गोल, केसाळ प्राणी काढला. "हा एक फुगोडा. आता हे दोन...?" "फुगोडे." "त्याला तहान लागलीय. या कोणाला पाणी दे?" "फुगोड्याला." अजिबात न अडखळता! हिंदीच्या वळणाने तो 'फुगोडेला' म्हणाला असता. घोडा-घोड्याला हे सामान्यरूप पोराच्या आत शाबूत होतं. मग दुसरं चित्र: "हे एक गुरपं. हे दोन...?" तो थांबला. "गुरपे?" मराठी कान म्हणेल गुरपी, केळं-केळीसारखं. नपुंसकलिंग हिंदीत नाही, तिथेच गळती होती. पोराच्या मराठीला सगळीकडे भोकं नव्हती, दोन-तीन ठरावीक ठिकाणी हिंदीचं पाणी शिरत होतं.

इथवर माझं बरं चाललं होतं. मग मी घाई केली. आईला म्हटलं, ते ॲप आजच काढून टाका, त्याचा काही उपयोग नाही. तिने त्याच रात्री काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींचा फोन: "मॅडम, पोरगं रडून राहिलंय हो कालपासून." ११२ दिवसांची साखळी तुटली होती. पुण्यात 'मीने' ठरलेल्या मुलाला मराठीत 'शाबास' म्हणणारी तेवढी एकच वस्तू घरात होती आणि ती मी एका वाक्यात काढून घेतली होती. ॲप परत घालायला सांगितलं. साखळी एकपासून. बंडू पुढच्या वेळी आला तो माझ्याकडे पाठ करूनच बसला आणि ते रास्तच होतं.

पाठ फिरली ती स्क्रॅचमुळे. त्यांच्या शाळेत संगणकाच्या तासाला स्क्रॅच शिकवतात: रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे आणि पडद्यावरची नारिंगी मांजर नाचवायची. मी म्हटलं, मला एक यंत्र करून हवंय. मराठी वाक्यं आपोआप पाडणारं. जमेल का? तो वळला. "किती वाक्यं?" म्हटलं, संपूच नयेत.

तीन याद्या केल्या. कोणी: आजी, बाबा, घोडा, मी. काय: आंबा, जलेबी, केळं, पोहे, कचोरी. आणि तिसरी: खाल्ला, खाल्ली, खाल्लं, फेकला, फेकली, फेकलं. प्रत्येक यादीतून कुठलाही एक शब्द उचलायचा, पहिल्याला 'ने' चिकटवायचा, सगळं जोडायचं आणि मांजरीने दोन सेकंद बोलायचं. हिरवा झेंडा दाबला.

'घोडाने जलेबी फेकला.'

बंडू खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला. 'बाबाने पोहे खाल्ली.' पुन्हा हसला. 'आजीने केळं फेकला.' मग हसू थांबलं आणि कपाळाला आठी पडली, कारण चूक आता त्याची नव्हती, मांजरीची होती. तिला शिकवणं भाग होतं. त्याने खाण्याच्या पदार्थांचे तीन डबे केले: 'खाल्ला'वाले, 'खाल्ली'वाले, 'खाल्लं'वाले. पोहे एकाही डब्यात बसेनात. बराच वेळ तो पोहे घेऊन बसला होता (इंदूरच्या पोराला पोह्यांवर अडावं लागलं, हे माझ्या मनात आलंच). मग स्वतःशीच पुटपुटला, "पोहे खाल्ले." चौथा डबा. 'एक पोहा' कुणी म्हणतच नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. 'घोडाने' त्याला मुळीच सहन होईना, यादीतला घोडा खोडून त्याने 'घोड्या' लिहिलं. आणि 'मी'पाशी आल्यावर यंत्राने छापलं: 'मीने कचोरी खाल्ली.'

मी काही बोलले नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सगळ्यांना 'ने' लागतो. मग 'मी'ला का नाही?"

इतका सरळ प्रश्न चिडवणाऱ्या पोरांनी स्वतःला कधी विचारला नसणार. मी सांगितलं, हिंदीत 'मैंने' आहे म्हणून तुझ्या तोंडात 'मीने' येतं. तू नियमच पाळतोयस, फक्त हिंदीचा. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही या चौघांना 'ने'ची सूट आहे. "म्हणजे 'जर'वाला ठोकळा लावावा लागेल," तो म्हणाला. लावला. जर शब्द 'मी' असेल तर 'ने' नको. ११२ दिवसांत ॲपला जे जमलं नव्हतं ते या एका पिवळ्या ठोकळ्याने केलं असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. त्यानंतरही महिनाभर 'मीने' येतच होतं. फरक इतकाच, की आता तो स्वतः थांबून "जर" असं म्हणायचा आणि वाक्य पुन्हा घ्यायचा.

ही कल्पना माझी नाही. १९६७च्या सुमाराला मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवणाऱ्यांपैकी सीमोर पॅपर्ट यांनी सातवीतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीची हकिगत नोंदवली आहे. अभ्यासात ती मध्यम, व्याकरणाचा कंटाळा. संगणकाकडून कविता करून घेताना शब्दांचे गट पाडल्याशिवाय वाक्य जुळत नाही हे तिला दिसलं आणि नाम-क्रियापद या भानगडी कशासाठी असतात ते तिला कळलं. स्क्रॅच हे २००७मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमधून त्याच विचाराच्या वाटेवर बाहेर पडलेलं. पॅपर्ट यांच्या हकिगतीतल्या मुलीसमोर इंग्रजी होती. मराठीत तर 'खाल्ला-खाल्ली'सारख्या भूतकाळात कर्म बदललं की क्रियापद बदलतं, म्हणजे यंत्र कोसळायला आणि दुरुस्त करायला भरपूर वाव.

यंत्राला एक मोठी मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. 'वाचला, वाचली, वाचलं' आणल्यावर बंडूने 'पुस्तक' स्त्रीलिंगी डब्यात टाकलं, हिंदीप्रमाणे. मांजर म्हणाली, 'आजीने पुस्तक वाचली.' बंडू हसला नाही, कारण त्याच्या कानाला ते बरोबरच होतं. ॲपवर याच शब्दाला त्याने टिंग मिळवली होती, बरं का! अशा वेळी शेजारी मराठी कान लागतो. म्हणून यंत्र घरी गेलं आणि आजींची नेमणूक झाली. रोज जेवणानंतर वीस वाक्यं. खटकलं की आजींनी नुसतं "ऊं?" म्हणायचं, दुरुस्ती बंडूने करायची. नियम सांगायचे नाहीत, हे मी आजींकडून कबूल करून घेतलं. आईकडून कबूल करून घ्यायला दोन बैठका लागल्या.

ॲपही राहिलं, रोज पंधरा मिनिटं, पण एक अट घातली: टिंग झाली की तोच शब्द घेऊन मोठ्याने एक वाक्य बोलायचं, शक्यतो खोटं. 'माझ्या पोटातून सिंहाचा आवाज आला.' पैसे भरून कुठलंही व्याकरणाचं ॲप घेण्याआधी मुलाशेजारी दहा मिनिटं बसा, असं मी हल्ली सगळ्याच आईबाबांना सांगते. पडदा नको, मुलाचे ओठ बघा. ते हलत नसतील तर त्या ॲपवर फक्त बोटाचा सराव चाललाय.

पेचही आले. बंडूने यादीत 'पेन' घातलं आणि घरात दोन तट पडले. आजी म्हणे तो पेन, आई म्हणे ते पेन. मला फोन आला. म्हटलं, दोन्ही चालतात. यावर दोघीही नाराज. बंडू मात्र बेहद्द खूश, मोठ्या माणसांचंही ठरलेलं नसतं म्हणून. बाबांनी तेवढ्यात "मी तर पेन शोधून राहिलोय" असं म्हणून आईचा ओरडा खाल्ला. इंदुरात हे सर्रास चालतं, मीही घरी असंच बोलते.

दिवाळीत पुण्याची मावसभावंडं इंदूरला आली. आईने मला नंतर सांगितलं: बंडूने लॅपटॉप आणून ठेवला. पडद्यावर आता दोन मांजरी होत्या, एक नारिंगी आणि एक निळी. नारिंगी पुणेरी. निळीवर टिचकी मारली की ती म्हणायची, 'मीने कचोरी खाल्ली भिया.' तिच्यासाठी त्याने 'जर'चा ठोकळा मुद्दाम काढून ठेवला होता. पोरं रात्री अकरापर्यंत निळीलाच दाबत होती आणि मोठी मावसबहीण यादीत 'सराफा' (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) कोणत्या डब्यात टाकायचा म्हणून बंडूलाच विचारत होती.