रत्नागिरी ते फ्लॉरेन्स

प्रश्न : पदवीचे १८ चित्रकला विद्यार्थी घेऊन मी रत्नागिरीहून आठवडाभर फ्लॉरेन्सला जाणार आहे. कशाकडे लक्ष देऊ?

उत्तर : मॅडम, आधी सगळ्यांचे पासपोर्ट पाहा. परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी मुदत हवी, २ पानं कोरी हवीत. शेंगेन व्हिसाचा (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो. बोटांच्या ठशांसाठी प्रत्येकाला स्वतः जावं लागतं, तेव्हा परीक्षेचं वेळापत्रक पाहूनच तारीख घ्या. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

उफिझी आणि अकादेमिया ही फ्लॉरेन्सची दोन मोठी कलासंग्रहालयं, दोन्ही सोमवारी बंद! बरेच गट इथेच फसतात. त्या दिवशी लोजिया देई लान्झी या चौकातल्या खुल्या कमानीदार मंडपातली शिल्पं उघड्यावर रेखाटता येतात.

टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं ज्वलनशील द्रव) विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही. कटर चेक-इनमध्ये टाका. पेन्सिल आणि छोटी वही पुरे.

अकादेमियातला मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ हा पुतळा ५.१७ मीटर उंच आहे. त्याचा उजवा हात शरीराच्या मानाने मोठा आहे, मनगटावरच्या शिरा फुगलेल्या. तेवढा हातच तीन जागांहून, वीस-वीस मिनिटं काढायला लावा. फोटो नंतर. आधी फोटो काढला की मुलं बघायचं थांबतात.