सूत्र नसलं तरी फंक्शन असते, पुतणीला आधी हे सांगा

भाऊ, तुम्ही लिहिलं की पुतणी अकरावी सायन्सला आहे, क्लासमधे सांगितलं फंक्शन म्हणजे एक्सचं सूत्र, अन् पुस्तकात पाहावं तर दोन गोल काढून नुसते बाण, सूत्राचा पत्ताच नाही, मग खरं कोणतं. पोरगी एकदम बरोबर जागी अडली आहे. तिच्यावर चिडू नका, याच जागी यूरोपातले मोठमोठे गणिती शंभरेक वर्षं भांडत होते.

मी तालुक्याच्या ठिकाणी २० वर्षांपासून अकरावी-बारावीला गणित शिकवून राहिलो, फंक्शन सुरू केलं की मी बाजार समितीच्या सोयाबीन यार्डापासूनच सुरू करतो. घरी कोणी विचारलं आज काय भाव निघाला, तर एक उत्तर देता येत नाही, किमान वेगळा, कमाल वेगळा, माल ओला असला की भाव अजून खाली. म्हणजे तारीख दिली अन् भाव मागितला तर ते फंक्शन नाही. पण ढेरी दाखवा अन् भाव विचारा, लिलाव सुटला की एका ढेरीला एकच भाव, हे झालं फंक्शन. दहा ढेऱ्यांना सारखा भाव लागला तरी चालते, एका ढेरीला दोन भाव नाही चालत. तारखेवरूनच पाहिजे असेल तर समिती रोज सर्वसाधारण दर काढते तो घ्या, तारीख टाकली की एकच आकडा, फक्त यार्ड बंद असते त्या तारखा वगळायच्या, ज्या तारखा उरल्या ते डोमेन. आता सांगा, त्या दराचं सूत्र कोणाजवळ आहे? नाही न. तरी ते पक्कं फंक्शन आहे.

आता क्लासवाले सूत्र काहून म्हणतात ते पाहा. हा शब्द लायब्निट्झनं १६७३ मधे वापरला, तेव्हा त्याच्या डोक्यात वक्ररेषा अन् तिच्या स्पर्शरेषा होत्या. १७१८ मधे योहान बर्नुलीनं म्हटलं की चल अन् स्थिर संख्या मिळून कशीही तयार झालेली राशी म्हणजे फंक्शन, अन् ऑयलरनं १७४८ च्या पुस्तकात तेच धरलं, सूत्र म्हणजेच फंक्शन. एफ ऑफ एक्स असं लिहायची पद्धतही ऑयलरचीच. अन् पुतणीला हे नक्की सांगा, त्या पुस्तकात एका एक्सला दोन-दोन उत्तरं देणारी फंक्शनंही चालत होती, एकच उत्तर पाहिजे हा नियम नंतर पक्का झाला.

गाडी अडली ती तारेपाशी. एकतारीची तार मधोमध बोटानं ओढून धरा, तिथं कोपरा पडते. सोडली की तार कशी हलन, हे काढायचं तर सुरवातीचा तो कोपरेवाला आकार फंक्शन धरायचा का नाही? दालाँबेर म्हणे एका सूत्रात बसत नाही तर नाही, ऑयलर म्हणे हातानं काढलेली रेषही चालन. मला ऑयलरचं लय मोठेपण इथं वाटते, स्वतःचीच व्याख्या त्यानं सैल केली, १७५५ च्या पुस्तकात लिहिलं की एक राशी बदलली की जी दुसरी बदलते ती पहिलीचं फंक्शन. मग फूरियेनं धातूतून उष्णता कशी पसरते ते काढताना दाखवलं की असे तुटक, कोपऱ्यांचे आकारही साइन-कोसाइनच्या बेरजेतून येतात, त्याचं पुस्तक १८२२ चं. अन् १८२९ मधे डिरिक्लेनं तर असं फंक्शन दिलं, की एक्स परिमेय असेल तर एक किंमत, अपरिमेय असेल तर दुसरी, त्याचा ग्राफ कोणाच्या बापाला काढता येणार नाही. एका एक्सला एक उत्तर, बस. तिच्या पुस्तकातले बाण या विचारातून आले, संचांची भाषा त्यानंतरची.

आपल्याकडं आर्यभटानं इसवी सन ४९९ मधे ज्येचे, म्हणजे साइनचे, एका किंमतीपासून पुढच्या किंमतीपर्यंतचे २४ फरक दिले आहेत, २२५, २२४, २२२, २१९ असे उतरत जातात. तेव्हा फंक्शन हा शब्दही नव्हता, पण कोन दिला की ज्या मिळते. मी हा तक्ता दरवर्षी फळ्यावर लिहितो, पोट्टे फरकांची बेरीज करत एकेक ज्या काढत बसतात.

आता तिला एक करून पाहू द्या. एक्सचा वर्ग अधिक वायचा वर्ग बरोबर २५, सूत्र तर आहे, मग एक्सला ३ द्या, वाय ४ येते अन् उणे ४ पण येते. म्हणून पूर्ण वर्तुळ फंक्शन नाही, वरचं अर्धं घेतलं की होते. जमलं नाही तर तिचं काम इथं टाका, मी संध्याकाळी पाहतो.