आधी मोजे उतरवायला सांग

प्रिय डॉक्टर,

मधुमेहात पायाला धोका कशाकशाने वाढतो, याची तुझी यादी मिळाली. मधुमेहाची वर्षं, चढलेलं एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), वय, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी), वजन, धूम्रपान, मूत्रपिंड. यातलं एकही नाव चुकीचं नाही. पण नसा खराब होण्याची कारणं आणि पायाला जखम होण्याची कारणं तू एकाच रकान्यात कोंबली आहेस, आणि ओपीडीत गफलत होते ती नेमकी इथेच. पाय बधिर झालेली कितीतरी माणसं जखमेविना वर्षानुवर्षं चालतात. काहींची मात्र एक जखम भरत नाही तोच दुसरी तयार असते. हा फरक कशाने पडतो ते तुला शोधायचं आहे.

आधी नसांचं बोलू. ज्या नसा सर्वांत लांब, त्यांना इजा आधी. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, आणि म्हणूनच उंच माणसाला धोका थोडा जास्त. टाइप २ मध्ये निदानाआधी साखर किती वर्षं चढलेली होती याचा पत्ता बहुधा कुणालाच नसतो. त्यामुळे 'शुगर तर आत्ताच निघाली' म्हणून पाय तपासायचे सोडू नकोस. काहींच्या नसा निदानाच्या दिवशीच दुखावलेल्या असतात. शिवाय टाइप १ मध्ये साखर काटेकोर ठेवून न्यूरोपॅथी, म्हणजे नसांची ही इजा, जितकी रोखता येते, तितकी टाइप २ मध्ये येत नाही. इथे वजन, चरबी, रक्तदाब हेही हात धुऊन मागे लागलेले असतात. आणि साखर उतरवायची घाईही नको. फार दिवस चढलेलं एचबीएवनसी ३ महिन्यांत २-३ अंकांनी खाली ओढलं, तर काही रुग्णांच्या पायांत उलट असह्य आग सुरू होते.

तुझ्या यादीत दोन गोष्टी राहिल्या: दारू आणि बी-१२. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासून घे. सगळ्याचं खापर मधुमेहावर फोडलं की सहज भरून निघणारी कमतरता तशीच राहून जाते.

मुंग्या येतात का, जळजळ होते का, हे विचारतोच आपण. पण न्यूरोपॅथी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच जाणवत नसतं, आणि जखमेचा धोका असतो तो याच गप्प पायांना. 'पाय दुखायचे, आता एकदम बरे आहेत' असं कुणी आनंदाने सांगितलं की मला तरी धास्तीच वाटते.

आता जखमेकडे येऊ. संवेदनेच्या नसा गेल्या की टोचलेलं कळत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पायाचे छोटे स्नायू हलवणाऱ्या नसाही जातात. मग बोटं आकड्यासारखी वळतात, चवड्याची हाडं खाली येतात आणि सगळा भार तिथे पडतो. घामाच्या नसा गेल्या की कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. भार पडतो तिथे घट्टा धरतो, आणि तो घट्टाच आतल्या मांसावर दाब वाढवत राहतो. चवड्यावरच्या घट्ट्यात काळपट-लाल ठिपका दिसला तर तो मळ समजू नकोस. आत रक्त उतरलेलं असतं. घट्टा तासल्यावर खाली तयार जखम सापडते, आणि रुग्ण म्हणतो, 'हे कधी झालं?'

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांच्या लक्षात आलं होतं की हातापायांची वाताहत रोगाने थेट होते त्याहून जास्त वेदना हरवल्यामुळे होते. मधुमेही पायालाही ते तंतोतंत लागू पडतं. दुखत असतं तर माणूस लंगडला असता आणि जखमेला आपोआप विसावा मिळाला असता. न दुखणाऱ्या जखमेवर तो दिवसभर चालतो. म्हणून 'पेशंट निष्काळजी आहे' हा शेरा केसपेपरवर मला दिसू देऊ नकोस.

आता तपासणी. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तेवढ्या दाबाला वाकणारी नायलॉनची बारीक तार) आधी हातावर टेकवून दाखव, मग डोळे मिटायला सांग. घट्ट्यावर टेकवू नकोस. तार वाकेपर्यंत दाब, एक-दोन सेकंद ठेव, काढ. 'आता जाणवलं ना?' असं विचारलंस तर भिडेखातर 'हो' म्हणणारे पुष्कळ भेटतील. 'कुठे लागलं?' असं विचार, आणि मधूनच न टेकवताही विचार. एकच तार दिवसभर वापरली तर ती नरम पडते, म्हणून दोन-तीन जवळ ठेव.

रक्तप्रवाहात फसायला होतं. बधिर पाय गरम आणि गुलाबी दिसू शकतो, चालताना पोटरी दुखल्याचंही कळत नाही. घोटा-दंड दाबाचं गुणोत्तर (घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा) १.३ च्या वर आलं तर खूश होऊ नकोस. कडक झालेल्या धमन्या दबत नाहीत म्हणून आकडा फुगतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजून घे.

मग बूट. रुग्ण उभा असताना पायाची बाह्यरेषा कागदावर काढ आणि बुटाचा तळ त्यावर ठेवून बघ. बधिर पायाला घट्ट बूटच 'बरोबर बसला' असं वाटतं, कारण तेवढाच जाणवतो. बुटाच्या आतून हातही फिरव.

या सगळ्यांहून मोठा धोका म्हणजे पूर्वी होऊन गेलेली जखम. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत परततात, म्हणून 'बरी झाली, सुट्टी' असं म्हणायचं नाही. पायाची जाणीव आणि पायातली नाडी दोन्ही शाबूत असतील तर वर्षातून एकदा पाय बघणं पुरे. जाणीव किंवा नाडी यांतलं एकच गेलं असेल तर ६ ते १२ महिन्यांनी. दोन्ही गेली असतील, किंवा यांतलं एक गेलं असून पायाचा आकारही बिघडला असेल तर ३ ते ६ महिन्यांनी. जाणीव किंवा नाडी गेलेल्याला पूर्वी जखम झाली असेल, बोट कापावं लागलं असेल किंवा मूत्रपिंडं निकामी झाली असतील, तर १ ते ३ महिन्यांनी बोलाव.

एक प्रश्न मात्र कुठल्याच फॉर्मवर नसतो, तो तू घाल: घरी तळपाय कोण बघतं? ज्याची नजर रेटिनोपॅथीने (मधुमेहाने डोळ्याचा पडदा खराब होऊन) गेली आहे, ज्याचं पोट आड येतं किंवा गुडघे वाकत नाहीत, त्याला 'रोज पाय बघा' सांगून काय उपयोग? बघणाऱ्या माणसाला पुढच्या वेळी सोबत बोलाव आणि त्याच्यासमोरच तपासणी कर. कुणीच नसेल तर तपासणीच्या तारखा अजून जवळ घे. आणि एक पाय अचानक सुजला, लाल आणि दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर एक्स-रे साफ असला तरी शार्को (बधिर पायाची हाडं-सांधे ढासळण्याचा आजार) समजून त्या पायावरचा भार त्याच दिवशी काढ आणि मला फोन कर. वेळ बघत बसू नकोस.