‘संकरित लस’ की ‘पुनःसंयोजित लस’?

कुत्र्यांच्या लसीकरणावरील माहितीपत्रकात ‘रिकॉम्बिनंट व्हायरल व्हॅक्सीन’साठी ‘संकरित विषाणुजन्य लस’ असे लिहावे का, अशी पृच्छा कोथरूडच्या एका वाचकांनी केली आहे. माझ्या मते या नावातील दोन्ही विशेषणे बदलायला हवीत.

‘संकरित’ म्हटले की संकरित गाय आणि संकरित ज्वारी आठवते. तेथे दोन जनकांचे गुण एकत्र येतात आणि संततीत नेमके काय उतरेल हे आपल्या हाती नसते. येथे मात्र सारे निवडून केलेले असते. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या घातक विषाणुजन्य आजाराविरुद्धच्या, अमेरिकेत १९९७ साली परवाना मिळालेल्या लसीचे उदाहरण घ्यावे. कॅनरी पक्ष्यांना देवीसारखा रोग देणाऱ्या विषाणूत डिस्टेंपरच्या विषाणूच्या बाह्य आवरणावरील प्रथिनांची जनुके बसवलेली असतात. हा वाहक विषाणू कुत्र्याच्या पेशीत शिरून ती प्रथिने तयार करवतो, पण सस्तन प्राण्यात त्याची स्वतःची वाढ होत नाही. आणि डिस्टेंपरचा अखंड विषाणू लसीत नसल्यामुळे तिच्यातून तो रोग होण्याचा प्रश्नच उरत नाही. जनुकांच्या या नव्या जुळणीला ‘पुनःसंयोजन’ हाच नेमका शब्द आहे. ‘पुनर्संयोजन’ असे सर्रास लिहिले जाते, परंतु संधिनियमाने ‘पुनर्जन्म’, ‘पुनर्विवाह’ यांत येणारा रफार ‘स’पूर्वी येत नाही, म्हणून ‘पुनःस्थापना’प्रमाणे विसर्गच ठेवावा.

‘विषाणुजन्य’ म्हणजे विषाणूपासून उद्भवलेला. हे विशेषण आजाराला शोभते. येथे विषाणू वाहकाचे काम करतो, तेव्हा ‘विषाणुवाहित’ म्हणावे.

‘लस’ या शब्दाला मात्र हात लावू नये. जखमेतून पाझरणाऱ्या पातळ द्रवालाही आपण लसच म्हणतो, आणि देवी टोचण्याच्या काळात फोडातला तसाच द्रव वापरला जाई. गेल्या महिन्यात आमच्या कुत्रीला डेक्कनवरील दवाखान्यात नेले, तेव्हा डॉक्टरांनी दाखवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरी कोरडी वडी होती. द्रावण घालून हलवल्यावर ती विरघळली आणि नावाप्रमाणे पुन्हा लस झाली.

तेव्हा ‘कुत्र्यांसाठी पुनःसंयोजित विषाणुवाहित लस’ असे लिहावे, आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘रिकॉम्बिनंट’ हा शब्दही द्यावा, कारण कुत्र्यांच्या पालकांना तो दवाखान्यात कानावर पडणार आहे.