ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडला गेलो तर मूळ ‘हाँटेड मॅन्शन’ ही भुताच्या वाड्याची राइड बघायला मिळेल का?

नाही, ऑक्टोबरमध्ये तिथे त्याच वाड्यात ‘हाँटेड मॅन्शन हॉलिडे’ हा हंगामी अवतार चालू असतो. २००१ पासूनचा हा प्रघात आहे: साधारण ऑगस्टमध्ये राइड काही दिवस बंद ठेवून आतली सजावट बदलतात आणि ती हॅलोवीन, नाताळ ओलांडून थेट जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत राहते. म्हणजे हॅलोवीन संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तरी तेच दिसणार. मग सजावट उतरवायला राइड पुन्हा बंद.

गाड्या आणि रूळ जुनेच, पण निवेदन, संगीत आणि बरीचशी दृश्यं १९९३च्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ या चित्रपटाच्या धर्तीवर बदललेली असतात. भुतांच्या मेजवानीच्या दालनात टेबलावर जिंजरब्रेडचं, म्हणजे आल्याच्या गोड बिस्किटाचं, घर मांडतात. त्याचं रूप दरवर्षी नवं असतं, त्यामुळे तिथले नेहमीचे लोक खास तेवढ्यासाठीही चक्कर मारतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मात्र १९६९ची मूळ राइड आधी बघायला मिळावी, असं माझं मत. मूळ माहीत असेल तर बदलाची गंमत कळते.

हे फक्त कॅलिफोर्नियापुरतं. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडम या डिस्ने पार्कमधल्या हाँटेड मॅन्शनला हा साज चढत नाही, तिथे ऑक्टोबरातही मूळच चालू असतं. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये मात्र बदलतात. बंदच्या तारखा दरवर्षी मागेपुढे होतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी पार्कच्या वेबसाइटवर बंद राइडची यादी बघून घ्या.