इंग्रजीतलं फ्लुओरेस (fluoresce) हे क्रियापद म्हणजे नक्की काय? ग्लो म्हटलं तर चालत नाही का?

ग्लो म्हटलं तर चूक नाही, पण ते फार मोघम होतं. निखारा ग्लो होतो, मोबाइलचा स्क्रीनपण होतो. फ्लुओरेस मात्र तेव्हाच, जेव्हा वस्तूवर बाहेरून प्रकाश पडतो (बऱ्याचदा आपल्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट, म्हणजे यूव्ही), ती तो गिळते आणि लगेच दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकते. वरचा दिवा बंद, की खेळ खल्लास. छताला चिकटवतात ते चांदण्यांचे स्टिकर अंधारातपण चमकत राहतात ना, त्याला फॉस्फोरेस म्हणायचं. आणि गाडीमागचं रेडियम यातलं काहीच करत नाही, ते नुसता हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतं.

शब्द कुठून आला ते भारी आहे, कारण मुळात त्यात प्रकाशाचा पत्ताच नाही! लॅटिनमधे फ्लुएरे म्हणजे वाहणे. धातू वितळवताना भट्टीत एक खनिज टाकायचे म्हणजे मळ पातळ होऊन वाहून जायचा, म्हणून तो दगड फ्लुओर, पुढे फ्लुओरस्पार. फ्लुओरिन हे नावपण तिथलंच. आता या दगडाचे काही नमुने उन्हात वेगळीच निळसर झाक मारतात. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी सूर्यप्रकाशाचे प्रिझमने रंग पाडले आणि क्विनाइनच्या (मलेरियावरचं कडू औषध) द्रावणाची नळी त्यातून सरकवत जांभळ्याच्याही पलीकडे नेली, जिथे डोळ्याला काही दिसत नाही, तर तिथे ती निळी उजळली. 1852 च्या त्यांच्या पेपरमधे या प्रकाराला नाव सुचवलं फ्लुओरेसन्स, ओपल खड्यावरून ओपलेसन्स झालं तसं. म्हणजे नाम आधी आलं आणि त्याची शेपटी कापून क्रियापद नंतर केलं.

वापरताना, हे क्रियापद अकर्मक आहे. 'क्विनाइन फ्लुओरेसेस अंडर यूव्ही' बरोबर, 'आय फ्लुओरेस्ड द क्विनाइन' नको. नोटेवरचा नंबर यूव्ही दिव्याखाली चमकतो तिथे हे चपखल बसतं, टॉनिक वॉटरलापण (त्यात क्विनाइनच असतं). काजव्याला वापरू नका, त्याचा उजेड केमिकल रिअ‍ॅक्शनचा असतो.

ट्यूबलाइटमधे पाऱ्याची वाफ यूव्ही सोडते आणि काचेच्या आतला पांढरा थर फ्लुओरेस होतो. उशिरा पेटणाऱ्या डोक्याला आपण ट्यूबलाइट म्हणतो खरं, पण तो उशीर स्टार्टरचा असतो हो, फ्लुओरेस व्हायला आपल्याला कळणारही नाही इतकाच वेळ लागतो.

आणि स्पेलिंगमधे यू आधी, ओ नंतर. उलटं लिहिलं की पीठ (flour) होतं, भलेभले तिथे घसरतात.