पोलिसांनी अटकेचं कारण नुसतं तोंडी सांगितलं तर चालतं का?

नाही, लेखी द्यावंच लागतं, आणि तेही त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत. संविधानाच्या कलम २२(१) मध्ये कारण कळवणं आहेच, पण नोव्हेंबर २०२५ ला मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते लेखी देणं सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. समोरच गुन्हा घडत असेल तर पोलीस आधी तोंडी सांगू शकतात, पण रिमांडसाठी, म्हणजे पुढची कोठडी मागायला, मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा, नाहीतर अटक बेकायदा.

त्या कागदावर सही करण्याआधी एक नीट बघा, "तपासासाठी अटक आवश्यक" एवढंच छापील वाक्य असेल तर ते पुरेसं नाही, ते तर कुणालाही लावता येतं. तुम्ही नेमकं काय केलं असा आरोप आहे ते त्यात पाहिजे, त्याशिवाय वकील जामिनासाठी बोलणार काय?

फक्त एमपीडीएसारख्या कायद्याखाली स्थानबद्ध केलं असेल, म्हणजे पुढे काही करू नये म्हणून आधीच ताब्यात ठेवलं असेल, तर २२(१) आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा नियम लागत नाही, आणि पोलीस-प्रशासनाला खरी मोकळीक मिळते ती इथेच. तिथे २२(५) धरा, कारणं लवकरात लवकर मिळायला हवीत आणि त्याविरुद्ध निवेदन देता येतं, ते लगेच द्या.